पीडीमध्ये (प्युअर डेटा) व्हॉल्यूम एक बटण मागे राहतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडशाजवळच्या खेड्यात राहतो, झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचं साउंड सांभाळतो. मंडईचा (गावजत्रांचा) सीझन लागला की रोज रात्री वेगळं गाव, म्हणून यंदा जुन्या लॅपटॉपवर प्युअर डेटात, म्हणजे बॉक्स तारांनी जोडून आवाज हाताळायच्या प्रोग्राममध्ये, पॅच (जोडणी) केला. एक बटण, एक आवाज.

'की' हा बॉक्स दाबलेल्या बटणाचा आकडा देतो; त्या आकड्यातून ४८ वजा केले की १ ते ९ मिळतात. तिथून दोन तारा. एक थेट 'पॅक'च्या (दोन आकडे जोडून पुढे पाठवणारा बॉक्स) डाव्या इनलेटला, म्हणजे आत जायच्या वाटेला. दुसरी 'टॅबरीड'मधून (यादीतून आकडा वाचणारा बॉक्स) त्या आवाजाचा व्हॉल्यूम घेऊन उजव्या इनलेटला.

३ म्हणजे बंदूक, व्हॉल्यूम ११०. ५ म्हणजे पावा, ४०. पण ३ नंतर ५ दाबलं की प्रिंटमध्ये '५ ११०' येतं! परवा नायिका बापाच्या मांडीवर प्राण सोडत होती आणि पावा बंदुकीच्या जोरात वाजला. मागून कोणीतरी ओरडलं, "काहून बे, उठवतं का तिले!"

मॅक्सच्या (पीडीसारखाच दुसरा प्रोग्राम) एका व्हिडिओत बघून बॉक्स उजवीकडे सरकवला, फरक नाही. डावी तार काढून परत जोडली तर चक्क बरोबर! दुसऱ्या नाटकासाठी तसाच पॅच नव्याने ओढला, पुन्हा तेच. दोन्ही दिसायला सारखेच. सध्या डाव्या तारेत 'पाइप १०' (१० मिलिसेकंदांचा उशीर) टाकून भागवतोय.

उत्तर १
भाऊ, 'पॅक'चा डावा इनलेट गरम, उजवा थंड. उजवा नुसतं साठवतो, डाव्यात काही आलं की लगेच बाहेर. तुमच्याकडे डावी तार आधी पोचते, म्हणून जुनाच व्हॉल्यूम जातो.

एका आउटलेटमधून (बाहेर यायची वाट) दोन तारा निघाल्या तर पीडी त्या ज्या क्रमाने जोडल्या त्याच क्रमाने चालवतं, आणि तो क्रम स्क्रीनवर दिसत नाही. मॅक्समध्ये बॉक्सच्या जागेवरून ठरतो. दोन्हींचं मूळ मिलर पकेट यांचंच, तरी इथे वाटा वेगळ्या.

वजाबाकीखाली 'टी एफ एफ' म्हणजे ट्रिगर टाका. तो उजवीकडून डावीकडे सोडतो, आणि उजवी फांदी शेवटपर्यंत संपल्याशिवाय डावीला हात लावत नाही. उजवा आउटलेट टॅबरीडला, डावा पॅकला. पाइप काढाच. १० मिलिसेकंदांच्या आत दुसरं बटण दाबलं गेलं तर पहिल्या आवाजाला दुसऱ्याचा व्हॉल्यूम लागेल.

धागाकर्ता
'५ ४०' आलं! लय आभार भाऊ. आज रात्री तीच नायिका पुन्हा मरणार आहे, बघतो.