लोह ऑक्साइडचे नॅनोकण एमआरआयमध्ये मागे का पडले?

प्रश्न

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत असून माझा प्रकल्प लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांवर आहे. यकृतातील गाठींच्या एमआरआयसाठी फेरुमॉक्साइड्स या अशा कणांच्या औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली होती, तरीही आज जवळपास सगळीकडे प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून गॅडोलिनियम या धातूची संयुगेच टोचली जातात. हे कण गाठ नेमकी दाखवतात कशी, आणि ते मागे का पडले?

प्रतिसाद १

हे कण गाठीत जाऊन बसतात असा अनेकांचा समज असतो. यकृतात घडते ते नेमके उलटे. डेक्स्ट्रान या शर्करेचे आवरण असलेले हे कण कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातील भक्षक पेशी, गिळतात, त्यामुळे टी-२ प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत निरोगी यकृत काळवंडते आणि कुप्फर पेशी नसलेली गाठ उजळ राहून उठून दिसते. अडचण अशी की सुरुवातीच्या टप्प्यातील काही यकृत-कर्करोगांत या पेशी टिकून असतात आणि अशी गाठ नजरेतून निसटू शकते. पुढे गॅडोक्सेटेट हे गॅडोलिनियमचे संयुग आले. ते यकृतपेशींत शिरते, शिवाय त्याच तपासणीत गाठीचा रक्तपुरवठाही दाखवते. त्यापुढे लोहकणांचा टिकाव लागला नाही.

प्रतिसाद २

यकृताबाबत हे मान्य, पण लसिका ग्रंथींबाबत हे कण बाजूला पडले याची मला मनापासून खंत वाटते. फेरुमॉक्सट्रान-१० हे लोहकणांचे दुसरे औषध शिरेतून दिल्यावर साधारण एका दिवसाने निरोगी ग्रंथी काळी दिसते, तर कर्करोग पसरलेला भाग पांढराच राहतो. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रोस्टेट कर्करोगाच्या ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कर्करोग पोचलेल्या ६३ ग्रंथींपैकी ४५ ग्रंथी नेहमीच्या निकषांवर निर्दोष ठरल्या असत्या. एवढे असूनही २००७ मध्ये युरोपातील मंजुरीचा अर्ज मागे घेतला गेला. नेदरलँड्समधील नायमेखेन येथे मात्र हे काम पुढे चालू राहिले.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. मग फेरुमॉक्सिटॉल हे लोहकणांचेच औषध एमआरआयसाठी वापरता येणार नाही का?

प्रतिसाद १

काही केंद्रे वापरतात, विशेषतः मूत्रपिंड निकामी असल्यामुळे गॅडोलिनियम टाळावे लागते अशा रुग्णांत. मात्र अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती मूत्रपिंडविकारातील रक्तक्षयासाठी, आणि तीव्र ॲलर्जीच्या घटनांमुळे २०१५ मध्ये त्यावर ठळक इशारा आला. त्याचा परिणाम एमआरआयवर तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून पुढची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना त्याची कल्पना देणे आवश्यक असते.