भाचीचं चष्मा काढायचं ऑपरेशन : डॉक्टर कोणता पाहावा?

मंडळी, नमस्कार.

माझी भाची आर्वीजवळच्या खेड्यात राहते. वय 20, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे 5. लग्नाच्या बोलणीत दोनदा चष्म्यावरून विषय निघाला, तेव्हापासून भाऊजींना घाई झाली आहे. नागपूरच्या एका ठिकाणची जाहिरात त्यांनी पाहिली, सकाळी या आणि संध्याकाळी चष्म्याशिवाय घरी जा. खर्च मी पाठवणार आहे, म्हणून डॉक्टर कोणता ते मलाच विचारतात. इथे बसून मला फक्त मशीनची नावं वाचता येतात. कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा.

— आर्वीची ताई

---

ताई, नमस्कार.

मशीनचं नाव तूर्त बाजूला ठेवा. तपासणी कोण करणार, आणि ऑपरेशननंतर डोळा कोण पाहणार, हे आधी विचारा.

माझी पुतणी दारव्हा तालुक्यातली. पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटण्याआधीच पॅकेज सांगितलं. डॉक्टर पाच मिनिटं भेटले आणि तारीख मिळाली. धाकट्या भावाचा फोन आला, "भाऊ, पैसे भरून देऊ काय?" मी म्हटलं, थांब, आणखी एकाला दाखव.

दुसऱ्या ठिकाणी बाई डॉक्टर होत्या. त्यांनी अर्धा दिवस घेतला. थेंब टाकून पडदा पाहिला, बुबुळाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, जाडी मोजली, त्याच्या आकाराचा नकाशा काढला. मग विचारलं, "डोळे चोळतेस का गं?" पोरगी म्हणाली, "हो, कापूस वेचताना लय खाज येते." बुबुळ खालच्या बाजूला फुगत होतं. केराटोकोनसचा, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे फुगण्याच्या आजाराचा, संशय होता, लेझर करायचं नाही म्हणाल्या. वर्षभरात एका डोळ्याचा नंबर वाढला, तेव्हा बुबुळ बळकट करायला क्रॉसलिंकिंग केलं. त्या पहिल्या तारखेला लेझर झालं असतं तर, हा विचार आजही झोप उडवतो. जो सर्जन नाही म्हणू शकतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

हिशेब भाचीच्याच आकड्यांवर करून मागा. बुबुळ साधारण 540 मायक्रॉन जाड असतं. लॅसिकमध्ये बुबुळाचा वरचा पापुद्रा कापून उचलतात आणि खाली लेझर मारतात. तो पापुद्रा 100 ते 120 घेतो, लेझर दर नंबरामागे 12 ते 15. उणे 5 म्हणजे 60 ते 75. खाली किमान 250 उरलेच पाहिजेत, बरेच सर्जन 300 धरतात. बुबुळ मुळातच पातळ असेल तर उत्तर वेगळं येईल. हे आकडे समोर मांडायला टाळाटाळ झाली तर उठून या.

वावरात जाणारीला आणखी एक. पापुद्रा वर्षांनंतरही जोराच्या माराने सरकू शकतो, पराटीची काडी डोळ्यात जाणं आपल्याकडे नवं नाही. पापुद्रा न काढता वरूनच करायच्या लेझरबद्दल, पीआरकेबद्दल विचारा. त्यात पहिले तीन-चार दिवस दुखतं, नजर स्वच्छ व्हायला आठवडे लागतात, उन्हात काळा चष्मा लागतो. स्टेरॉइडचे थेंब चालतात तोवर डोळ्याचं प्रेशर तपासत राहावं लागतं. तेव्हा पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत नको, आणि पहिला आठवडा नागपुरातच पाहुण्यांकडे राहू द्या.

मोतीबिंदूत हात चांगला म्हणून इथेही चांगला असेल असं धरू नका. बुबुळाचंच काम रोज करणारा पाहा. त्याआधी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नंबर आणि पडदा तपासून घ्या. आर्वीहून ते दूर नाही.

आणि नंबर वर्षभर स्थिर आहे का? वाढत असेल तर थांबावं लागेल. जुन्या चिठ्ठ्या शोधा.

— दारव्ह्याचा भाऊ

---

भाऊ, मनापासून आभार.

चिठ्ठ्या भाचीनेच बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी उणे 4.25, आता 5. पाऊण नंबर वाढलाय. भाऊजींना फोनवर दोन्ही आकडे वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग थांबू." त्या घरी काय सांगायचं ते मी पाहतो, असंही म्हणाले. सोमवारी तिची आई तिला सेवाग्रामला नेते आहे. नवीन चष्म्याचे पैसे मी आजच पाठवले.

— आर्वीची ताई