अनुभव धागा : लेखक संपावर गेले आणि आपली मालिका अडकली

सोमवारची बाई (धागाकर्ती)

परवा लेक 'ब्रेकिंग बॅड' बघत होती. पहिला सीझन संपला तशी खोलीतून ओरडली, "आई, सातच भाग?" म्हटलं, मध्येच संप झाला होता. "कुणाचा?" लेखकांचा. तिने दारातून डोकं बाहेर काढलं. "लेखक संप करतात? म्हणजे लिहीत नाहीत? मग मी तर जन्मापासून संपावर आहे."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

माझा अनुभव २००७चा. लग्न होऊन न्यू जर्सीत आले होते. एच-फोर व्हिसा, म्हणजे नोकरीचं नाव नाही. गाडी येत नव्हती. नवरा सकाळी साडेसातला जायचा तो रात्रीच उगवायचा. आठवड्यातला सोमवार कळायचा तो 'हीरोज' या मालिकेमुळे. ५ नोव्हेंबरला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला हे माझ्या गावीही नव्हतं, कारण आधी लिहून झालेले भाग चालूच होते. ३ डिसेंबरला अकरावा भाग झाला आणि पुढच्या सोमवारी पडद्यावर भलतंच काहीतरी. पंधरा मिनिटं रिमोट आपटत बसले.

मग शोधाशोध. एक डीव्हीडी विकली गेली की लेखकाच्या पदरात साधारण चार सेंट. आणि आता भाग इंटरनेटवर दाखवायला लागलेत, त्याचे किती देणार, यावर भांडण. माझी पहिली प्रतिक्रिया खरी सांगते: द्या ना अजून चार सेंट आणि मिटवा, माझा सोमवार का नासवता? आईला फोनवर हेच सांगितलं तर ती गप्प झाली. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप आमच्या घरात कधी मिटलाच नाही. आई एवढंच म्हणाली, "यांचा मिटेल ना गं?"

त्याच आठवड्यात चाहत्यांची एक मोहीम सापडली. एक डॉलर भरला की पेन्सिलींचा एक खोका स्टुडिओच्या बड्या लोकांकडे जाणार. मी नवऱ्याच्या कार्डावर पाच खोके नोंदवले. महिनाअखेरीस स्टेटमेंट बघून तो म्हणतो, "पेन्सिली? मग आहेत कुठे?"

१०० दिवसांनी, १२ फेब्रुवारी २००८ला संप मिटला. इंटरनेटचे पैसे काही प्रमाणात मिळाले, डीव्हीडीचा मुद्दा सोडावा लागला. 'हीरोज' सप्टेंबरात परत आली आणि मला आवडेनाशी झाली, ते जाऊ दे.

येऊ द्या तुमचे अनुभव.

डी ब्लॉक, तिसरा मजला

पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. आमच्या मजल्यावर एकाच्या मशीनवर सगळ्या मालिका उतरायच्या, तिथून हॉस्टेलच्या नेटवर्कवर सगळ्यांना. 'लॉस्ट'च्या चौथ्या सीझनचे आठ भाग आले आणि मग महिनाभर काहीच नाही. आम्हाला वाटलं हा पठ्ठ्या एकटाच बघतोय आणि आम्हाला तंगवतोय. त्याचं जेवणाचं ताट बंद करण्यापर्यंत मजल गेली! बिचारा सांगत होता, "अरे तिकडे संप होता." कोण विश्वास ठेवणार? सीझन शेवटी चौदा भागांचा झाला. त्याची माफी आम्ही पाच वर्षांनी त्याच्या लग्नात मागितली.

शंकासुर

धागाकर्ती, सातच भाग हे बरोबर, ठरले होते नऊ. पण संप झाला म्हणून 'ब्रेकिंग बॅड'मधल्या जेसीचं पात्र वाचलं, असं जे फिरतं ते खरं नाही. त्याला मारायचा विचार दुसऱ्या भागाच्या सुमारासच सोडला होता, असं मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन यानेच सांगितलंय. लेकीला सांगा.

चिवडा विथ डाळं

माझा २०२३चा. लॉस एंजेलिसजवळ, स्टुडिओंच्या बरबँकला राहते, दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. २ मेला लेखकांचा पुन्हा संप लागला आणि रोजच्या रस्त्यावर फलकवाले दिसायला लागले. सिग्नल हिरवा झाला की हॉर्न द्यायचा, एवढाच आमचा पाठिंबा. 'सक्सेशन'चे शेवटचे भाग तेव्हा चालू होते आणि एका फलकावर धमकीच होती, की पैसे द्या, नाहीतर शेवट फोडू. मी काच खाली करून ओरडले, "प्लीज, नको!"

जुलैत ऊन असं की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका. त्याच महिन्यात युनिव्हर्सल स्टुडिओच्या बाहेर बरहॅम रस्त्यावरची झाडं बोडकी केली. याच झाडांच्या सावलीत मंडळी फेऱ्या मारायची. छाटणीला शहराचा परवाना नव्हता असं निघालं आणि दंड झाला २५० डॉलर. आमच्याकडे दात साफ करायला याहून जास्त लागतात.

ते बघून मला राहवेना. एका शनिवारी चिवडा केला आणि सोमवारी डबा घेऊन दुसऱ्या एका फाटकाशी गेले. पहिला प्रश्न, "शेंगदाणे आहेत का?" आहेत म्हटल्यावर चौघं मागे सरली. उरलेल्यांनी मूठमूठ घेतला. एका पन्नाशीच्या बाईंनी दोनदा. त्यांच्या फलकाची काठी जिथे धरायची तिथे कापडी पट्टी गुंडाळलेली, हाताला कूस लागू नये म्हणून, आणि मागच्या बाजूला पेनाने रोजची एक रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. मी मोजायला लागले तर म्हणाल्या, "मीही मोजणं सोडलंय, फक्त रेघ मारते."

मालिका मंजूर व्हायच्या आधीच तीन-चार लेखक काही आठवडे बसवायचे, सगळं लिहून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, हे मिनी रूमचं प्रकरण मला त्यांनीच समजावलं. गेल्या तीन मालिकांचं शूटिंग त्यांनी पाहिलंच नव्हतं. लिहिलेलं वाक्य नटाच्या तोंडी बसत नाही हे कळायला तिथे उभं राहावं लागतं, म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात मी नेटफ्लिक्सवर 'सूट्स' बघत होते. सगळी अमेरिकाच बघत होती. त्यातल्याच एका लेखकाने पेपरात लिहिलं, की अकरा भाग स्ट्रीमिंगला दिल्याचे सहा मूळ लेखकांना मिळून तिमाहीचे ३००० डॉलरसुद्धा आले नाहीत. त्या रात्री 'स्किप इंट्रो' दाबायला गेले आणि हात थांबला. नावं वाचली. आता सवय मोडलीय, कधीतरी वाचते.

व्हँकुव्हरकर

सगळे लेखकांच्या बाजूने लिहिताहेत म्हणून मुद्दाम लिहिते. अमेरिकन मालिकांचं बरंच काम इथे चालतं. नवरा व्हीएफएक्समध्ये, म्हणजे शूट झालेल्या शॉटवर संगणकाने काम करतो. शूटिंगच नाही तर शॉट कुठून येणार? जुलैत नटही संपावर गेले, ते ११८ दिवस, ९ नोव्हेंबरपर्यंत. नवऱ्याचं काम ऑगस्टमध्ये गेलं. बेकारीचा भत्ता, धाकटीचं डे-केअर बंद, गाडी विकली. लेखकांना करार मिळाला, आनंद आहे. आमच्या घरात कुणाचा पगार वाढला नाही. फाटकावर पिझ्झे आले, चिवडे आले, आम्हाला कुणी पेन्सिलसुद्धा पाठवली नाही.

नवरा मात्र एकदाही त्यांच्याविरुद्ध बोलला नाही. म्हणायचा, "आज ते यंत्राने, एआयने लिहून घेऊ नका म्हणताहेत, उद्या आमचंच आहे." मी बोलायचे. अजूनही बोलते.

चिवडा विथ डाळं

व्हँकुव्हरकर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच.

कोनन भक्त

२ जानेवारी २००८. संप चालू असतानाच लेटरमन आणि कोननचे रात्रीचे टॉक शो परत आले. लेटरमनच्या स्वतःच्या कंपनीने लेखकांशी वेगळा करार केला म्हणून त्याचे लेखक परत आले, कोननचे नाहीत. दाढी वाढवलेला कोनन टेबलावर लग्नाची अंगठी भोवऱ्यासारखी फिरवत बसायचा, वेळ काढायला. इतकं हसलोय! लेखक नसले की काय होतं हे इतक्या प्रामाणिकपणे कुणी दाखवलं नसेल.

नाव नको

मी गोरेगावात डेली सोपचे संवाद लिहितो. अकरा वर्षं झाली. तिकडचे लेखक २०२३ला १४८ दिवस बसले हे वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. आमच्याकडे बँक म्हणजे हातात तयार असलेले भाग. चांगल्या दिवसात चार, एरवी एक. नटीचा मेकअप चालू असतो आणि सीन व्हॉट्सॲपवर जात असतो. मी सहा तास फोन बंद ठेवला तर सातव्या तासाला दुसरा कुणीतरी लिहीत असेल. पैसे भागावर, तेही भाग दिसल्यावर तीन महिन्यांनी. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या रॉयल्टीचा हक्क आला. माझ्या खात्यात अजून त्यातलं काही उतरलेलं नाही.

इथेही मालिका थांबल्या होत्या, नोव्हेंबर २००८मध्ये. सिनेकामगारांनी काम थांबवलं आणि हिंदी चॅनेलांवर जुनेच भाग. मी तेव्हा कॉलेजात होतो. आजी तेच मरण दुसऱ्यांदा बघून तेवढीच रडली. म्हटलं, "आजी, हे झालंय गं." तर म्हणे, "मग? गेलेलं माणूस परत येतं का?"

सूनबाई फ्रिस्को

आमच्याकडे टेक्ससला अण्णा, म्हणजे सासरे, २०२३च्या सप्टेंबरात आले होते. सांगलीला भूगोल शिकवायचे. संध्याकाळी 'जेपर्डी' हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लागला की घरात बोलायचं नाही. नवा सीझन सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाले, "हा प्रश्न यांनी मागे विचारलाय." नवरा म्हणाला, "अण्णा, असं नसतं हो." दोन दिवसांनी पुन्हा तेच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वय झालं की असं होतं, डॉक्टरांना दाखवू वगैरे हळू आवाजात बोलूनही झालं.

मग एका बातमीत वाचलं: कार्यक्रमाचे लेखक संपावर, म्हणून जुने प्रश्न पुन्हा वापरताहेत.

अण्णांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, सांगलीला फोन लावला. मागच्या खेपेला इथे असताना त्यांनी उत्तरं एका वहीत लिहिली होती, ती कपाटात होती. तिकडे सकाळचे सहा. आईंनी चष्मा शोधला, वही शोधली, पानं उलटली. "आहे हो, नदीचाच आहे. पुढे 'चुकलो' असं लिहिलंय तुम्ही."

"या खेपेला बरोबर आलं," अण्णा म्हणाले. मग आमच्याकडे वळून, "अजून किती दिवस आहे म्हणे त्यांचा संप?"