विषय: २२ फुटी शिडाची बोट सिएनाने ओढता येईल का?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत कळलं की आपल्या मंडळात एक काका शिडाची बोट चालवतात, म्हणून इथे विचारतोय. ॲनापोलिसजवळ एका गृहस्थांकडे १९८४ ची कॅटलिना २२ विकाऊ आहे. ट्रेलर, ५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि दोन शिडं धरून २,८०० डॉलर म्हणतायत. जाहिरातीत वजन २,२५० पौंड आहे आणि आमची टोयोटा सिएना गाडी ३,५०० पौंड ओढते, म्हणजे तो प्रश्न नसावा. बोट ड्राइव्हवेत ठेवायची आणि रविवारी सकाळी पाण्यावर न्यायची असा बेत आहे. थंडीत मोठ्या पडद्याचा जीपीएस, सोलर पॅनल आणि नवी शिडं करून घेईन. आणखी काय अपग्रेड करावं?

– सिल्व्हर स्प्रिंगचा नवा सभासद

*

अरे,

माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून एकेरीवर येतो.

आधी सिएनाचं. २,२५० हे नुसत्या बोटीचं वजन झालं. त्यात ट्रेलर, इंजिन, नांगर, बॅटरी, पेट्रोल, पाणी आणि आपल्या लोकांचा डब्यांनी भरलेला कूलर घाल. मी माझी बोट ट्रकच्या वजनकाट्यावर नेली तेव्हा ३,६४० पौंड भरली. आणि ओढण्याचं एक वेळ जमेल, पण पाण्यात उतरणाऱ्या शेवाळलेल्या रॅम्पवरून ओली बोट वर काढताना पुढच्या चाकांच्या जोरावर चालणारी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. ५,००० पौंड ओढणारी गाडी बघ.

आता मुख्य गोष्ट, जी जाहिरातीत दिसत नाही. १९६९ पासून या बोटी १५,००० च्या वर बनल्या, त्यातल्या बहुतेकींना खालीवर होणारी कील, म्हणजे तळाखालचं जड पातं आहे. आमच्या देवगडला मचव्याच्या कण्याला पठाण म्हणतात. तो पठाण जागचा हलत नाही, हा हलतो. ५५० पौंडांचं बिडाचं धूड पुढच्या बाजूला एका पिनेवर टांगलेलं, मागचं टोक एका तारेवर, आणि ती तार केबिनच्या पायरीखालच्या विंचला, म्हणजे दांड्याने फिरवायच्या चरखीला गुंडाळलेली. कील वर घेतली की दोन फूट पाणी पुरतं, खाली सोडली की पाच लागतं. या बोटीचं सगळं सुख त्या दोन फुटांत आहे. इथल्या चेसापीक उपसागराची सरासरी खोली २१ फूट, आणि बाजूच्या खाड्यांमध्ये तर ४० फुटी बोटवाले तोंडाशीच नांगर टाकून बसतात. आपण कील उचलून थेट बगळ्यांच्या शेजारी.

पण चाळीस वर्षांची पिन झिजते. बघायला जाशील तेव्हा एक जुनं फडकं ने. तार हाताने नको, फडक्याने पूस. धागा अडकला की तार बदलायचीच. ती तुटली तर ५५० पौंड एकदम खाली आदळतात आणि कील ठेवायच्या खाचेला तडा जाऊ शकतो. मग बोट ट्रेलरवर असताना कीलच्या मागच्या टोकाला धरून आडवं हलव. थोडं हलणारच. टक्‌ टक्‌ आवाज आला तर पिन आणि तिचं भोक दोन्ही गेलंय. माझी पिन काढली तेव्हा तिच्या मधोमध नख बसेल एवढी खाच होती, आणि आधीचा मालक ‘हिला काही करावं लागत नाही’ म्हणाला होता. चालताना पाण्याखालून तंबोरा लावल्यासारखा सूर आला तर मात्र घाबरू नकोस, ताणलेली तार गुणगुणते. आणखी एक, विंचचा दांडा कधी मोकळा सोडू नकोस. माझं मनगट आठवडाभर सुजलं होतं.

ट्रेलरची बेअरिंग. चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, गरम असताना थंड पाण्यात बुडला की आत पाणी ओढतो आणि ग्रीस धुऊन जातं. पहिल्याच वर्षी रूट ५० वर केंट आयलंडच्या अलीकडे माझ्या डाव्या चाकातून धूर निघाला. आता रॅम्पवर पोचल्यावर दहा मिनिटं थांबतो आणि प्रत्येक हबला हात लावून बघतो.

कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या, बाकड्यांच्या झाकणांना कड्या बसव. बोट वाऱ्याने आडवी झाली तर पाणी तिथूनच आत जातं. आणि पंचवीस फुटी डोलकाठी उभी करण्याआधी वर बघ. विजेची तार असेल तर काठी उभी करून बोट तसूभरही हलवायची नाही.

जीपीएस फोनमध्ये आहे. नवी शिडं जरूर घे, पण पहिला हंगाम जुन्यांवर काढ, म्हणजे काय बिघडतंय ते तरी कळेल. पाण्यातली लांबी १९ फुटांच्या आसपास, तेव्हा शिडं कितीही भारी घेतलीस तरी बोट सहा नॉटच्या वर फारशी जात नाही.

कागदपत्रं करताना खरेदीवर मेरीलँडचा ५ टक्के कर धर. १ जुलै १९७२ ला किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर बोटिंग सेफ्टीचं सर्टिफिकेटही लागतं.

– बोटवाले काका

*

यांनी खरी गोष्ट सांगितलीच नाही, म्हणून मी लिहिते.

‘अर्ध्या तासात तयार’ असं हे सगळ्यांना सांगतात. मी सँडी पॉइंटच्या रॅम्पवर घड्याळ लावून बसले होते: एक तास चाळीस मिनिटं. डोलकाठी, तारा, पिना, मग हरवलेली पिन. तेवढ्यात पोरांचे सँडविच संपले आणि वारा पडला. पहिल्या वर्षी आम्ही चारच वेळा गेलो. दुसऱ्या वर्षी मी हट्टाने रॅम्पजवळच्या यार्डात डोलकाठी उभी ठेवून बोट लावायची जागा भाड्याने घ्यायला लावली. त्या वर्षी एकोणीस वेळा. तुमच्या सोलर पॅनलचे पैसे तिकडे घाला.

दुसरं, पोर्टेबल टॉयलेट चांगलं घ्या आणि त्याला पडदा लावा, म्हणजे बायको दुसऱ्यांदा येईल. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पाण्यात जेलीफिश असतात, तेव्हा पोरांना पोहायला उतरवू नका. आणि कोजागिरीचं दूध थर्मासमधून न्या. आमचं पातेलं एका मोटरबोटीच्या लाटेने कार्पेटवर गेलं, केबिनला अजून केशराचा वास येतो.

– बोटवाल्या काकांची बायको

*

काका, काकू,

काल जाऊन आलो. फडकं तीन ठिकाणी अडकलं. टक्‌ टक्‌ही झालं. मालकांना दोन्ही दाखवलं, १,९०० वर तयार झाले. मेहुण्याची हायलँडर सध्या उसनी मिळतेय, आणि बायकोने यार्डात फोन करून जागाही विचारून ठेवली, अर्थात काकूंची मेल वाचून. पुढच्या शनिवारी पिन काढायचीय. येऊ शकाल का?

*

येतो. दोन जॅक आणि लाकडाचे जाड ठोकळे आण. कील ठोकळ्यांवर नीट टेकल्याशिवाय पिनेला हातोडा लावायचा नाही, आणि तोवर पोरांना बोटीखाली फिरकू द्यायचं नाही. थालीपीठं ही देते आहे.