पोर्टेबल हार्डडिस्क उघडत नाही, पेढीचा टॅली डेटा आत अडकलाय (सांगली)

मार्केटयार्ड_सांगली

नमस्कार. १ टीबीची अडीच इंची पोर्टेबल हार्डडिस्क आहे, वेगळा अडॅप्टर नाही, यूएसबीच्या वायरवरच चालते. हळदीच्या पेढीचा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) डेटा आणि शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांचे) पीडीएफ स्कॅन त्यात आहेत, दुसरी प्रत नाही. पीसीवरून कॉपी चालू असताना लाइट गेली. आता डिस्क लावली की दिवा लागतो, फिरल्याचा आवाज येतो आणि विंडोज १० 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' म्हणतं. मी 'रद्द' दाबलं. एकाने चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवायला सांगितलंय. चालवू का?

कृष्णाकाठ

अजिबात नको. चेकडिस्क तुमच्या फाइली वाचवत नाही, फक्त फाइल सिस्टीमचा (कोणती फाइल कुठे आहे त्या नोंदींचा) हिशेब जुळवते. जी नोंद जुळत नाही ती काढून टाकते, नाहीतर नावगाव नसलेल्या तुकड्यांच्या ढिगात टाकते. शिवाय हे सगळं त्याच डिस्कवर लिहिते. आत्ता त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये.

आधी वायर बघा. पीसीच्या पुढच्या पोर्टाला लावली असेल तर मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टाला लावा. पुढच्या पोर्टांना आतून लांब वायर येते, तिथे व्होल्टेज पडतं. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना याहून जास्त ओढ लागू शकते.

डिस्कच्या रुंद, दोन भागांच्या पोर्टाकडेही नीट बघा. त्याच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी वायर बसते आणि डिस्क यूएसबी २ च्या वेगाने चालते. त्या वायरवर नीट दिसली तर दोष मूळ वायरीत किंवा पोर्टाच्या छोट्या भागात आहे.

मग विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि आकार किती दाखवतंय ते इथे लिहा. 'इनिशिअलाइज' विचारलं तर तेही रद्द.

मिरज_जंक्शन

आवाज महत्त्वाचा. एकसारखी घरघर असेल तर ठीक. ठराविक अंतराने टक-टक करून थांबत असेल आणि चांगली वायर, मागचा पोर्ट देऊनही तसंच होत असेल, तर हेड (डेटा वाचणारा भाग) गेलंय असं धरा आणि वीज तोडा. अशी डिस्क प्रत्येक वेळी चालू करताना हेड प्लॅटरवर (आतल्या चकतीवर) ओरखडे काढू शकतं. तिचं काम क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबचंच. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बाहेर काढल्यावर, त्यातून पावसाळ्यातल्या आपल्या हवेत, आत दव धरतं.

केस उघडून साटाला (पीसीच्या आतल्या डिस्कच्या जोडणीला) जोडायचा विचारही आत्ता नको. डब्ल्यूडीच्या बऱ्याच माय पासपोर्टमध्ये यूएसबी पोर्ट डिस्कच्या बोर्डावरच असतो, साटा नसतोच, आणि पासवर्ड लावलेला नसला तरी डेटा त्या बोर्डाच्या चिपमधून एन्क्रिप्ट (सांकेतिक) होऊन लिहिला जातो.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५ (बदलून टाकलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि सी५ (वाचता न येणारे सेक्टर) या ओळींचे आकडे बघून सांगा.

मार्केटयार्ड_सांगली

मागच्या पोर्टालाही तेच. आवाज एकसारखा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ९३१ जीबी, 'रॉ'. ०५ समोर शून्य, सी५ समोर ३०.

मिरज_जंक्शन

ते ३० हेक्समधलं (सोळाच्या पटीतल्या मोजणीतलं) आहे, म्हणजे ४८ सेक्टर वाचता येत नाहीत. लिहिताना वीज गेली की सेक्टर अर्धवट राहतो आणि तपासणीचा कोड जुळत नाही, त्यामुळे प्लॅटर खराबच असेल असं नाही. पण ते गृहीत धरू नका. आकार पूर्ण दिसतोय, हे फार चांगलं लक्षण.

आता पूर्ण डिस्कची इमेज (एका फाइलीत हुबेहूब नक्कल) काढायची. २ टीबीची दुसरी डिस्क घ्या, एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ अशी फॉरमॅट केलेली. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पेनड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) चालू करा, डिस्क आपोआप माउंट होणं (उघडणं) बंद करा आणि जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज टाका, त्यातून डीडीरेस्क्यू ही आज्ञा मिळते. एलएसबीएलके या आज्ञेने दोन्ही डिस्कांची नावं आकारावरून दोनदा ताडून बघा. मूळ आणि नवी यांची अदलाबदल झाली तर सगळं संपलं.

पहिली फेरी: डीडीरेस्क्यूला डी आणि एन हे पर्याय, मग मूळ डिस्क, मग इमेजची फाइल, शेवटी मॅपची (काय वाचलं, काय राहिलं याच्या नोंदीची) फाइल. क्रम हाच. 'एन'मुळे खराब जागा चिवडत न बसता आधी चांगला भाग उचलला जातो. दुसऱ्या फेरीत 'एन' काढून 'आर३' (खराब जागा तीनदा वाचून बघणं) द्या, इमेज आणि मॅप त्याच. मॅप फाइल विसरू नका. परत लाइट गेली तर तिच्यामुळेच काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं. तरी पीसी इन्व्हर्टरवर घ्याच. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर पावणेतीन तास, यूएसबी २ वर आठ-नऊ तास. डिस्कवर टेबल फॅनचा वारा राहू द्या. वेग मधेच केबीवर येऊन तासभर तिथेच राहिला किंवा टक-टक सुरू झाली, तर थांबवा आणि इथे लिहा.

कृष्णाकाठ

इमेज झाली की मूळ डिस्क कपाटात. इमेजचीही आणखी एका डिस्कवर एक प्रत करा आणि टेस्टडिस्क (पार्टिशन दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) त्या प्रतीवर चालवा. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची (पार्टिशनची मूळ माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची) नक्कल पार्टिशनच्या अगदी शेवटी असते. 'रॉ' दिसण्याचं कारण फक्त पहिला बूट सेक्टर असेल, तर 'बॅकअप बीएस' निवडल्यावर फोल्डर जसेच्या तसे दिसतात. तिथूनच फाइली नव्या डिस्कवर कॉपी करा.

फोटोरेक (सुट्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर) सगळ्यात शेवटी. ते फाइलीच्या सुरुवातीच्या खुणेवरून शोधतं, त्यामुळे पीडीएफ मिळतील पण नावं जातील. टॅलीच्या कंपनीचा डेटा म्हणजे एका फोल्डरमधल्या एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइली. नावाशिवाय त्यांचा उपयोग नाही. म्हणून पूर्ण फोल्डर, किंवा टीबीकेने सुरू होणारी बॅकअपची फाइल आधी शोधा. टॅलीत उघडताना फोल्डरची प्रत उघडा. टॅली इआरपी ९ मधलं रीराइट आणि टॅली प्राइममधलं रिपेअर, दोन्ही डेटा बदलतात.

फाइलचं नाव आणि आकार बरोबर असला तरी आत भोक असू शकतं. म्हणून फाइली कॉपी करण्याआधी डीडीरेस्क्यूचा फिल मोड इमेजच्या प्रतीवर चालवून न वाचलेल्या जागी एखादा ठळक शब्द भरा. कॉपी केलेल्या फाइलींत तो शब्द ग्रेप या शोधाच्या आज्ञेने शोधला की नेमक्या कोणत्या पट्ट्या दुखावल्यात ते कळेल, तेवढ्याच पुस्तकावरून परत स्कॅन करा.