बीड म्हणजे नुसती जातच? मग १९६७ आणि ७७ चं काय करायचं?

सिंदफणाकाठ (धागाकर्ता)
पुण्यातल्या ऑफिसात बीड लोकसभेचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येतं: 'तुमच्याकडं काय, मराठा किती आणि वंजारी किती एवढं मोजायचं अन् निकाल सांगायचा.' २०२४ नंतर तर हे ब्रह्मवाक्यच झालंय. मला हे पटत नाही. १९५२ ला आपण हैदराबाद राज्यात होतो. तिथं कम्युनिस्ट पक्षावर बंदी, म्हणून ते लोक पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावानं लढले आणि बीडनं रामचंद्र गोविंद परांजपे यांना दिल्लीला धाडलं. आडनाव बघा आणि सांगा, जिल्ह्यात त्यांच्या जातीची मतं किती भरली असतील? १९६७ ला कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, तेही साताऱ्याकडचे. १९७७ ला मार्क्सवाद्यांचे गंगाधरअप्पा बुरांडे. त्या वर्षी महाराष्ट्रातून त्या पक्षाचे तिघंच निवडून आले: मुंबईतून अहिल्या रांगणेकर, डहाणूतून लहानू कोम आणि तिसरे आपले अप्पा. लाल बावट्याला तीनदा खासदारकी देणारा मतदारसंघ जातीपलीकडं बघतच नाही, असं कसं म्हणायचं?

फडावरचा
दादा, ७७ ची लाट विसरलात का? आणीबाणीचा राग होता, जनता पक्षाशी समझोता होता. त्या साली दगडालाही शेंदूर फासला असता तर निवडून आला असता. आणि कष्टकऱ्यांनी लाल बावटा निवडला हे ऐकायला गोड वाटतं, पण मतदान कधी होतं ते बघितलं का? ६७ ला फेब्रुवारीत, ७७ ला मार्चमध्ये. तेव्हा कारखाने चालू असतात. कोयता घेऊन आमची माणसं ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडं, पाचटाच्या कोपीत. मत टाकायला कोण गावात होतं? वाड्यावरले आणि वावरवाले.

बालाघाटी
फडावरचा, मुद्दा भारी आहे, पण ६७ ला एवढा कोयता कुठं होता? ७२ च्या दुष्काळानं ही रांग लावली. ७७ ला मात्र तुमचं म्हणणं लागू पडतं.
धागाकर्त्यानं केशरबाई क्षीरसागर कशा सोडल्या? ८०, ८४ आणि ९१, तीन वेळा खासदार. तेली समाजाच्या, म्हणजे नुसत्या स्वतःच्या जातीवर ग्रामपंचायतसुद्धा अवघड. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तोच होता की.

फडावरचा
आणि त्यांना ८९ ला पाडलं कुणी? जनता दलाच्या बबनराव ढाकण्यांनी. ते पाथर्डीचे, नगर जिल्ह्यातले. बाहेरचा माणूस बीडात कसा चालला म्हणता? वंजारी समाजाचं श्रद्धास्थान असलेला भगवानगड कोणत्या तालुक्यात येतो ते नकाशात बघा. बाकी बोलत नाही.

माजलगावकर
तुम्ही दोघंबी एकाच खुंटाला बांधलेले. मला तर इथं जात कमी अन् गट जास्त दिसतो. ९६ ला रजनीताई पाटील भाजपच्या खासदार, आज काँग्रेसमध्ये. जयसिंगराव गायकवाड ९८ आणि ९९ ला भाजपकडून, २००४ ला राष्ट्रवादीकडून. त्या साली त्यांच्यासमोर भाजपचे उमेदवार होते आमचे प्रकाशदादा सोळंके, जे पुढं राष्ट्रवादीत! २०१४ ला भाजपच्या गोपीनाथराव मुंडेंच्या विरोधात राष्ट्रवादीचे सुरेश धस उभे होते, आता तेच आष्टीचे भाजपचे आमदार. नेता ज्या गाडीत बसतो तिच्यामागं आख्खी सर्कल जाते. ह्यात जात कुठं अन् विचार कुठं? कारखान्याची उचल, सोसायटीचं कर्ज, मुलाची नोकरी. रेल्वेचंच बघा. ९५ ला मंजूर झालेल्या मार्गावर बीडात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं प्रत्येक उमेदवारानं तेच आश्वासन दिलं अन् आपण प्रत्येकाला मत दिलं.

घाटनांदूर एक्सप्रेस
रेल्वेवरून आठवलं, आम्ही ह्या चर्चेत हसतोय. परळीची रेल्वे निजामाच्या काळातली आहे भाऊ. बीड शहराचं दुःख आमच्या गळ्यात मारू नका.

सिंदफणाकाठ
माजलगावकर, गटाचं मान्य. पण मग २०२४ सांगा. २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, धनंजय मुंडे महायुतीत, बहीण-भाऊ एका व्यासपीठावर. कागदावर भाजपच्या पंकजाताई मुंडेंची सीट बिनघोर होती. २०१४ च्या पोटनिवडणुकीत त्यांची बहीण प्रीतमताई जवळपास ७ लाखांनी आल्या होत्या. तिथं शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी निवडून आले.

फडावरचा
म्हणजे माझंच खरं झालं ना. सगळे गट एकीकडं असताना निकाल फिरला, तो कशानं? अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला त्या दिवसापासून हवा बदलली. त्यात सोनवण्यांचं चिन्ह तुतारी समजून एका अपक्षाच्या पिपाणीवर ५० हजारांच्या वर मतं गेली, नाहीतर फरक आणखी वाढला असता. आमच्या गावात ४ जूनच्या रात्री मतमोजणी लांबत गेली तसे पारावरचे लोक हळूहळू दोन बाजूला सरकले. रोज एका किटलीतला चहा पिणारे. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं एक गट सकाळी जायला लागला, एक संध्याकाळी. ह्याला तुम्ही गट म्हणता?

बालाघाटी
ते खरं आहे. पण तो २०२४ आहे. त्यावरून ६७ मोजू नका, एवढंच.

सिंदफणाकाठ
काल फडावरच्याचा फेब्रुवारीचा मुद्दा वाचून आजीला फोन लावला. वय ८४. म्हणली, 'आम्ही ७२ नंतर फडावर गेलो, त्याच्या आधी गावातच व्हतो.' ६७ ला मत कुणाला दिलं विचारलं. 'कणसाला.' म्हणजे कम्युनिस्टांच्या कणीस-विळ्याला. उमेदवाराचं नाव तिला काही केल्या आठवेना. साताऱ्याचा होता हे सांगितल्यावर म्हणली, 'असंल.'

फडावरचा
कणसावर बोट ठेवून दाखवलं कुणी, ते विचारलं का?

सिंदफणाकाठ
विचारतो. रविवारी गावाकडं चाललोय.