अंबादेवीच्या कपारींतली जुनी चित्रं: ती जपायला वाटा बंद करायच्या की नाही?

मोर्शीकर: फ्रान्समध्ये आर्देश नदीची खोल दरी संरक्षित आहे. त्या दरीच्या तोंडाशी १९९४ साली शोव्हे गुहा सापडली. आतली चित्रं सुमारे ३६ हजार वर्षांपूर्वीची. सामान्य माणसासाठी ती कधीच उघडली नाही. लोक २०१५पासून जवळच बांधलेली प्रतिकृती तिकीट काढून पाहतात. आता आपल्याकडे या. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीच्या वर, हद्दीपलीकडे मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात धारूळजवळ अंबादेवीच्या परिसरात २००७पासून शंभरावर शैलाश्रय, म्हणजे चित्रं असलेल्या खडकातल्या कपारी, उजेडात आले. शोधणारे अमरावतीचे निसर्गप्रेमी. रंग उठून दिसावा म्हणून कोणी चित्रावर बाटलीतलं पाणी मारलं, तर अडवणार कोण? माझं मत स्पष्ट आहे: देवस्थान सोडून बाकी वाटा बंद करा.

वऱ्हाडी गडी: बंद करा म्हंजे काय करा भाऊ? शोव्हेचं तोंड कडा कोसळून हजारो वर्सं बुजलेलं होतं, म्हनून तर थे टिकलं. इथं उघड्या कपारी हायेत. कुलूप कुठं लावता, हवेले?

मोर्शीकर: फ्रान्समधल्याच लास्को या चित्रांच्या गुहेचं काय झालं ते पाहा. १९४८ला लोकांना खुली केली, १९६३ला बंद करावी लागली. माणसांच्या श्वासानं भिंतींवर शेवाळ धरलं.

वऱ्हाडी गडी: थे बंदिस्त भुयार होतं बाप्पा! आपल्या कपारीत वारा खेयते. तुलनाच करायची तं मध्य प्रदेशातल्याच भीमबेटकासंग करा. २००३ले जागतिक वारसा झालं. सातशेच्या वर शैलाश्रय, पन लोकायले मोजकेच दाखवतात. बाकीचे जंगलात सुखरूप.

शाळेतली बाई: श्वासाचं सोडा, मला कापराची भीती वाटते. नवरात्रात चित्राच्या कपारीखाली दिवा लागला की काजळी वर चढते. पुसायला जावं तर रंगही जातो. देवीला कोणी अडवू नये, पण दिवा-नारळासाठी चित्रांपासून दूर ओटा बांधता येईल की नाही?

मोर्शीकर: बाई, ओटा बांधला तरी लोक आतच जाणार. मोर्शीजवळच्या सालबर्डीला महाशिवरात्रीची गर्दी पाहिली आहे ना तुम्ही?

शाळेतली बाई: पाहिली. म्हणूनच म्हणते, कुंपणापेक्षा माणूस हवा. चार पोरं धारूळचीच नेमा. पाहुण्याला चित्र दाखवतील, बाटली काढली तर हटकतील. कुंपणाची तार तर पहिल्याच पावसाळ्यात गुरांसाठी कापली जाईल.

वऱ्हाडी गडी: हे बराबर बोलल्या बाई. त्या पोरायच्या हाताले कामबी भेटीन.

मोर्शीकर: आणि पगार? जागा मध्य प्रदेशात, भाविक बरेचसे आपल्याकडचे. तिकडचे म्हणतील तुमची माणसं नासधूस करतात, इकडचे म्हणतील हद्दच आमची नाही. तोवर काय करायचं, ते सांगा.

वऱ्हाडी गडी: तोवर निदान कोनत्या कपारीत काय हाय त्याचे नकाशे तं मोबाईलवर टाकू नका. मांगच्या महिन्यात तुम्हीच टाकला होता न एक?